बारा धाकटे

दादाच्या कारखान्यात चेंडूच्या तुकड्यांना षटकोन आणि पंचकोन असं कुणीच म्हणत नसे. सहा बाजूंचा तो थोरला आणि पाच बाजूंचा तो धाकटा. ही नावं दादाच्या आईने पाडलेली. चेंडू शिवायचं काम घरात आणलं तिनेच, दोन्ही पोरांना शेजारी बसवून शिवायला शिकवलं तिनेच, आणि शाळेतले जड शब्द तोंडात बसेनात म्हणून पोरांचीच नावं तुकड्यांना देऊन मोकळी झाली. "त्या धाकट्याला पाचही बाजूंनी थोरले लाव," असं ती म्हणायची, मग कामाला येणाऱ्या बायकाही तसंच म्हणायला लागल्या. वीस थोरले, बारा धाकटे, आत हवा भरायचं ब्लॅडर, शेवटचे टाके आतून ओढून घेतले की झाला चेंडू. नवीन बाई कामावर आली की गोंधळायची. "तो थोरला उलटा बसलाय, उसव त्याला," असं कुणी ओरडलं की ती दचकून दादाकडेच बघायची. मग सगळ्याजणी हसून घ्यायच्या.

दादा म्हणजे थोरला भाऊ. सगळी गल्ली त्याला दादाच म्हणायची, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. माणूस मुळात वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे. शिवणीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आजारी बाईला घरी पाठवून तिचा चेंडू स्वतः पुरा करायचा. पण राग कायम नाकावर, आणि एकदा म्हणाला की म्हणाला. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, याची सवय झाली होती. सवय झाली म्हणजे आवडत होतं असं नाही.

धाकटा भाऊ साचे करायचा. लोखंडी पट्टी वाकवायची, जोडायची, एका कडेला धार आणायची. मग तो साचा कातड्यावर ठेवून वरून ठोकला की तुकडा पडतो. धाकट्याचे साचे इतके नेमके, की पहिला तुकडा आणि हजारावा तुकडा एकमेकांवर ठेवले तर एकच वाटावा. बोलायला कमी. काम संपलं की कोपऱ्यात बसून कागदाचे चेंडू चिकटवायचा. लिंबाएवढे, कलिंगडाएवढे, एक तर एवढा मोठा केला की दारातून बाहेर निघेना, तिथेच फाडावा लागला.

"झाला का खेळ?" दादा म्हणायचा.

"दादा, एक गंमत आहे," धाकटा सांगू पाहायचा. "चेंडू कितीही मोठा करा, थोरले वाढतात. धाकटे बाराच लागतात. अकराने भागत नाही, तेरावा बसत नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही, पण लागतात बाराच."

"बरं झालं सांगितलंस. आता झोप येईल मला," दादा म्हणायचा, की विषय संपला.

हे असंच चालू राहिलं असतं, तर बरं झालं असतं. पण एके दिवशी कातड्यावर थोरले ठोकता ठोकता दादाच्या डोक्यात आलं, की थोरले कसे शेजारीशेजारी बसतात! एकाची कड तीच दुसऱ्याची कड, मध्ये चिंधीभर कातडं वाया जात नाही. आणि हे धाकटे? कसेही मांडा, मध्ये वाकडेतिकडे कपचे उरतातच. मग हवेत कशाला धाकटे? सगळा चेंडू थोरल्यांचाच केला तर? एकच साचा, एकच तुकडा, कापणाऱ्याला डोकं नको, शिवणारीला मोजणं नको. आणि दिसायलाही नवीन. दादाला ही कल्पना इतकी आवडली, की त्याने त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला सांगूनही टाकलं. व्यापारी म्हणजे चष्मेवाला; जाड भिंगांमुळे त्याला सगळे तसंच म्हणत. कारखान्याचा निम्मा माल तोच उचलायचा. तो म्हणाला, "करून दाखवा, मी स्वतः बघायला येतो."

धाकट्याने ऐकलं आणि हातातली कानस खाली ठेवली. "दादा, ते होणार नाही."

"का होणार नाही?"

"तीन थोरले एका टोकाशी आले की तिथली जागा पुरती भरते. फटच राहत नाही. आपल्या चेंडूत प्रत्येक टोकाशी एक धाकटा असतो, तो थोडा अरुंद, म्हणून जराशी फट उरते. ती फट आपण टाक्यांनी ओढून बंद करतो, तेव्हाच कातडं वर उचलतं. नुसत्या थोरल्यांना उचलायला काही कारणच नाही."

"तू या चेंडूसाठी नव्या मापाचा साचा कर," दादा म्हणाला. "उचलतं की नाही ते मी बघतो."

धाकट्याने साचा केला. थोरल्या भावाने मागितला होता, म्हणून केला. आजवरच्या सगळ्या साच्यांपेक्षा तो जास्त मन लावून केला होता, हे वहिनींनी पाहिलं होतं. पण त्यांना कुणी विचारलं नाही.

ज्या दिवशी चष्मेवाला यायचा होता, त्या सकाळी दादा स्वतः शिवायला बसला. एक थोरला, भोवती सहा थोरले, त्यांच्याभोवती आणखी. टाके असे पडत होते की बघत राहावं. कातडं मात्र मांडीवर सपाट पडलेलं. दादाला वाटलं, अजून घेर धरला नाही, पुढच्या फेरीत धरेल. पुढची फेरी झाली. तरी सपाट. एवढ्यात चष्मेवाला आला, खुर्ची ओढून बसला, चहा मागवला गेला. बायका आपापलं काम सोडून बघायला लागल्या. दादाने कड जोराने ओढून पाहिली, तर मध्ये नुसत्या चुण्या पडल्या. सोडली, की पुन्हा चटई.

"दादा, चेंडू करताय की अंथरूण?" चष्मेवाल्याने विचारलं.

दादाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्याच वेळी मागून धाकटा बोलला. हळूच बोलला, समजुतीने बोलला, पण नको तेव्हा बोलला.

"दादा, राहू दे. थोरले नसले तरी चेंडू होतो. नुसत्या बारा धाकट्यांचाही होतो, लहान होतो पण होतो. धाकटे नसले, तर मात्र काही केल्या होत नाही."

एका बाईला फस्सकन हसू फुटलं, आणि एकीचं बघून दुसरीला. चष्मेवाला तर मांडीवर थाप मारून म्हणाला, "घ्या! तुमच्या धाकट्याने तुम्हाला कारखान्यातून बाहेरच काढलं की!"

दुसऱ्या कुठल्या कारखान्यात हेच वाक्य बोललं गेलं असतं, तर कुणाला काही वाटलं नसतं. षटकोन, पंचकोन, कोण त्यात आपलं नाव शोधतो? पण इथे आईने नावं देऊन ठेवली होती. दादाला त्या वाक्यात चेंडू दिसलाच नाही. त्याला दिसलं एवढंच, की बाप गेल्यावर ज्याला खांद्यावर घेऊन फिरवलं, ज्याच्यासाठी स्वतःची शाळा सोडली, तो सगळ्यांसमोर सांगतोय, तू नसलास तरी चालतं.

"असं आहे होय!" दादा उभा राहिला. "म्हणून साच्यात मेख मारून ठेवलीस. कोन उघडे ठेवलेस मुद्दाम, म्हणजे माझं हसं व्हावं."

"दादा, साचा बरोबर आहे. फिरवून बघ. मोजून बघ."

"मला काही मोजायची गरज नाही. माझं खाऊन माझ्याच मुळावर उठलास."

"अरे, मी चेंडूबद्दल बोललो!"

"चालता हो."

धाकटा उभाच राहिला. त्याने साचा उचलून दादापुढे धरला. "एकदा मोज. फक्त एकदा मोज, मग घालव मला."

दादाने साचा हातात घेतला, आणि न बघता भंगाराच्या डब्यात टाकला.

धाकटा गेला. तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. संध्याकाळपर्यंत दोघांनी सामान बांधलं. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या, तर दादा आतून ओरडला, "जाऊ दे त्याला. धाकट्यांशिवाय चालत नाही ना, बघू कुणाचं चालत नाही ते." आणि ते सपाट कातडं त्याने कारखान्याच्या दारात फेकलं. "पडू दे तिथंच. आल्यागेल्याला दिसू दे धाकट्याची करणी."

तेच पुढे पायपुसणं झालं. कातडं जाड, टाके दादाचे. झिजलं, पण उसवलं म्हणून नाही. वर्षानुवर्षं माणसं त्याच्यावर पाय पुसून आत आली. सुरुवातीला दादा नव्या माणसाला मुद्दाम दाखवायचा, "हे बघा, सख्ख्या भावाने काय केलं." नंतर दाखवेनासा झाला. नंतर तर तिथे काही आहे हेच त्याला दिसेनासं झालं. चेंडू मात्र पूर्वीसारखे वीस थोरले आणि बारा धाकटे घेऊनच होत राहिले. रोज प्रत्येक चेंडूत बारा वेळा 'धाकटा' म्हणावं लागायचं. दादा म्हणायचा नाही. तो म्हणायचा, "तो बारका दे," आणि बायका धाकटाच उचलून द्यायच्या.

दादाचे केस पांढरे झाले, हात थोडे थरथरायला लागले, तेव्हाची गोष्ट. कारखान्याची जमीन जागोजागी फुटली होती. वहिनींनी किती दिवस लावून धरलं होतं, शेवटी फरशीवाला आला. वहिनींनी आपल्या पसंतीने लादी निवडली होती, लहान, सहाकोनी, करड्या रंगाची. फरशीवाला बडबड्या, पण कामाला वाघ. आतून बसवत बसवत दारापर्यंत आला, आणि पायपुसणं बाजूला सरकवायला म्हणून उचललं. उचललं, झटकलं, आणि नव्या फरशीवर टाकून बघतच राहिला.

"दादा, हे काय हो? माझ्या फरशीचा नमुना आधीच शिवून ठेवलाय तुम्ही!"

"तो नमुना नाही," दादा म्हणाला. "तो चेंडू आहे. व्हायचा होता."

फरशीवाला हसायला लागला. "काय थट्टा करता गरिबाची! याचा चेंडू? मग माझ्या फरशीचाही होईल. गुंडाळून न्याल घरी. अहो, ही सहाकोनी आम्ही घालतो ती कशासाठी? एकमेकींना अशी घट्ट बसते, की वर यायचं नाव नको."

तो पुन्हा कामाला लागला. दादा मात्र तिथेच, दारात. करडी फरशी आणि तिच्यावरचं काळपट कातडं. रेषेला रेष, कोनाला कोन. कुठे फट नाही, कुठे फुगवटा नाही. फट नाही, म्हणून फुगवटा नाही. हेच तर तो म्हणाला होता. आणि कातड्यावर थोरले शेजारीशेजारी बसतात, मध्ये काही उरत नाही, हे स्वतः दादानेच पाहून ठेवलं होतं. त्याच्यावर तर खूश झाला होता! जे कातड्यावर सपाट बसतं, ते मांडीवर घेतलं म्हणून गोल होईल होय?

दादा मागच्या खोलीत गेला. भंगारात टाकलेला साचा भंगारात गेलेला नव्हता. वहिनींनी तो तेव्हाच काढून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला होता. दादाने तो टेबलावर ठेवला, पेन्सिलने आतून आखला. मग एक घर फिरवला, पुन्हा आखला. पुन्हा फिरवला. सहाही वेळा रेघ पहिल्या रेघेवरच पडली, केसभर इकडेतिकडे नाही. एवढंच करायचं होतं. चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

संध्याकाळी तो वहिनींना म्हणाला, "धाकट्याचा पत्ता कुठून मिळेल?"

"माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासून आहे. त्याच्या मुलीच्या जन्माचंही कळवलं होतं त्याने मला."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

दादाने कागद-पेन्सिल वहिनींपुढे सरकवली.

सुट्टीच्या दिवशी तो निघाला. काखेत पायपुसण्याची गुंडाळी, पिशवीत साचा. वहिनी बरोबर येते म्हणाल्या, तर नको म्हणाला. माफी मागताना बायकोने बघू नये असं त्याला वाटत होतं. बसमध्ये सगळा वेळ मनात घोकत होता, साचा बरोबर होता, मी मोजला, माझं चुकलं. 'माझं चुकलं' म्हणताना मनातसुद्धा जीभ अडखळत होती.

दार एका तरुण मुलीने उघडलं. कपाळ थेट आईचं. "कोण हवंय?" तिने विचारलं.

सख्खी पुतणी. दादाला आपण कोण ते सांगताच येईना. "तुझ्या बाबांकडे काम होतं. साच्याचं."

तिने त्याला आत बसवलं. खोली लहान, नीटनेटकी. दिव्याला कागदाची टोपी होती, पिवळी पडलेली, गोल. दादाची नजर सवयीने तुकडे मोजायला लागली. सगळे पाच बाजूंचे. बारा. थोरला एकही नव्हता.

"बाबांनी केलाय," मुलगी म्हणाली. "पूर्वी पुष्कळ होते म्हणे. हाच टिकला."

धाकटा बाहेर आला. तोही पिकला होता. दादाला बघून उंबऱ्यातच थांबला, मग मुलीला म्हणाला, "आत जा, पाणी आण." आणि दादाला म्हणाला, "बसा ना. उभे का राहिलात?"

बसा. राहिलात. दादाला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. जन्मभर ज्याने अरे दादा, तू दादा केलं, तो आज अहो-जाहो करत होता, जसं गिऱ्हाइकाशी करावं.

दादाने साचा पिशवीतून काढला, पायपुसणं जमिनीवर उलगडलं, आणि बसमध्ये पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं. फरशी, नमुना, पेन्सिलच्या रेघा. "साचा बरोबर होता. मी मोजला. एक केस इकडेतिकडे नाही. त्या दिवशी तू चेंडूबद्दल बोलत होतास, मी ते माझ्यावर घेतलं. माझं चुकलं."

बोललं बाबा एकदाचं! दादाला आतून मोकळं वाटलं. आता धाकटा रडेल, किंवा रागवेल, काहीतरी होईल.

धाकटा खाली वाकला आणि कातड्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "टाका चांगलाय," तो म्हणाला. "पायाखाली राहूनही सुटला नाही." मग सरळ झाला. "एक विचारू?"

"विचार ना."

"आणि साचा चुकला असता तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच चुकला असता. हात आहे, चुकतो. समजा, कोन उघडे राहिले असते माझ्याकडून. मग तुम्ही केलंत ते बरोबर झालं असतं?"

दादाने साच्याकडे पाहिलं. साचा तर बरोबर होता, मग हा असं काय विचारतो? इतकी वर्षं आपण चुकलेल्या साच्यावर बोट ठेवून बसलो होतो, आणि आज बरोबर निघालेल्या साच्यावर बोट ठेवायला आलो. त्याच्या हाताकडे बघायला आलो, त्याच्याकडे नाही. हे त्याच्या लक्षात येत होतं, पण शब्दांत येत नव्हतं.

मुलीने पाणी आणलं. दादा प्यायला. धाकटा म्हणाला, "शेवटची बस लवकर असते इकडची. निघायला हवं तुम्हाला." रागाने नाही म्हणाला, हेच वाईट. मग त्याने पायपुसणं उचललं, गुंडाळलं आणि दादाच्या हातात दिलं. साचा मात्र ठेवून घेतला.

दादा रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत आला. बस उभी होती. पायरीवर एक पाय ठेवला, आणि तेव्हा कुठे त्याला उत्तर सापडलं. किती साधं होतं! आई असती तर तिने विचार न करता दिलं असतं. कंडक्टर म्हणाला, "काका, चढा किंवा उतरा." दादा उतरला.

या वेळी दार धाकट्यानेच उघडलं. दादाला धाप लागली होती.

"चुकला असता," दादा म्हणाला, "साचा सगळाच्या सगळा चुकला असता, तरी तू माझा धाकटा होतास. तुला जा म्हणायचं काही कारणच नव्हतं."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. त्याचा ओठ हलला, डोळे भरले, आणि एवढ्या वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून निघाला.

"हे तेव्हा म्हणायचं होतंस रे, दादा."

दार त्याने लावलं नाही, आणि आत ये असंही म्हणाला नाही. कोपऱ्यावरून बस निघून गेल्याचा आवाज आला. दादा दारातच उभा राहिला, पायपुसणं काखेत घेऊन.